सिऱ्हॉसिसमध्ये १८ मिमीची गाठ, एएफपी ९: बायोप्सीशिवाय कॅन्सर कसा ठरवतात?

प्रश्न:
हेपॅटायटिस बीमुळे सिऱ्हॉसिस (लिव्हरवर व्रण पडून ते कडक होणं) झालेल्या ५६ वर्षांच्या रुग्णाच्या सोनोग्राफीत लिव्हरच्या उजव्या भागात १८ मिमीची गाठ दिसली. एएफपी (लिव्हरच्या कॅन्सरसाठी बघतात ते रक्तातलं प्रथिन) ९, म्हणजे नॉर्मल. पोट दुखत नाही, वजन उतरलेलं नाही. तरी डॉक्टरांनी लगेच ट्रिपल फेज सीटी (एकाच वेळी तीन टप्प्यांत फोटो घेणारा स्कॅन) सांगितलाय, आणि बायोप्सी बहुधा लागणार नाही म्हणतात. तुकडा न तपासता निदान पक्कं कसं होईल?

प्रतिसाद १:
एएफपीवर विसंबू नका. लिव्हरचा कॅन्सर असलेल्या साधारण एक तृतीयांश रुग्णांत ते वाढलेलंच नसतं, लहान गाठीत तर त्याहून जास्त जणांत. उलट हेपॅटायटिस भडकला की कॅन्सर नसतानाही वाढतं.

निदान ठरतं ते रक्तपुरवठ्यावरून. लिव्हरला सुमारे ७५ टक्के रक्त पोर्टल व्हेनमधून (आतड्यांकडून लिव्हरकडे येणारी शीर) येतं. कॅन्सरची गाठ मात्र जवळजवळ सगळं रक्त धमनीतून ओढते. म्हणून कॉन्ट्रास्ट (शिरेतून दिलेलं, फोटोत उजळ दिसणारं औषध) दिल्यावर साधारण ३५ सेकंदांनी गाठ भोवतालच्या लिव्हरपेक्षा पांढरी चमकते. ७० सेकंदांच्या सुमाराला आणि पुढे ३ ते ५ मिनिटांनी पुन्हा फोटो घेतात. तोवर लिव्हर उजळलेलं असतं आणि गाठ काळपट पडलेली. याला वॉशआउट म्हणतात. सिऱ्हॉसिस असताना १० मिमीच्या वरच्या गाठीत या दोन्ही खुणा स्पष्ट दिसल्या की बायोप्सीशिवाय उपचार ठरवता येतात. सुई घातली तर रक्तस्राव होऊ शकतो, क्वचित सुईच्या वाटेवर कॅन्सरच्या पेशीही रुजतात.

गाठीची फक्त कड चमकली तर मात्र पित्तनलिकेच्या कॅन्सरची शंका येते. तिथे बायोप्सी हवीच. सिऱ्हॉसिस किंवा जुना हेपॅटायटिस बी नसेल तरीही हवी.

प्रतिसाद २:
वरच्यात एक भर. पहिला फोटो फार लवकर घेतला गेला तर चमक निसटते आणि रिपोर्ट गोलमाल येतो. त्या फोटोत पोर्टल व्हेन किंचित उजळलेली आणि हिपॅटिक व्हेन (लिव्हरमधून रक्त बाहेर नेणारी शीर) अजून काळी असायला हवी. पोर्टल व्हेनही काळीच असेल तर वेळ चुकली. तसं झालं किंवा खुणा अर्धवट दिसल्या तर कॉन्ट्रास्ट एमआरआय करा. सीटीच्या आधी क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी) तपासून घ्या. साध्या, कॉन्ट्रास्टविना सीटीवर पैसे घालवू नका.

प्रतिसाद ३:
लक्षणांची वाट पाहणं हीच मोठी चूक ठरते. लिव्हरच्या आत दुखण्याची जाणीव नसते. गाठ वाढून वरचं आवरण ताणलं जातं तेव्हा उजव्या बरगडीखाली दुखू लागतं. आजवर स्थिर असलेल्या सिऱ्हॉसिसमध्ये अचानक पोटात पाणी झालं, कावीळ वाढली किंवा रक्ताची उलटी झाली, तर पोर्टल व्हेनमध्ये गाठ शिरलीय का ते आधी बघावं. म्हणूनच अशा रुग्णांची सोनोग्राफी आणि एएफपी दर ६ महिन्यांनी करतात.

हेपॅटायटिस बीचा विषाणू पेशीच्या डीएनएत घुसतो, त्यामुळे सिऱ्हॉसिस नसतानाही कॅन्सर होऊ शकतो. हेपॅटायटिस सी, दारू, फॅटी लिव्हर आणि बुरशी आलेल्या शेंगदाण्या-मक्यातलं अफ्लाटॉक्सिन ही बाकीची मुख्य कारणं.

आणि रुग्णाचे जोडीदार, भावंडं, मुलं यांची एचबीएसएजी (रक्तात हेपॅटायटिस बी आहे का ते दाखवणारी) आणि अँटीबॉडी तपासणी याच आठवड्यात करून घ्या. दोन्ही निगेटिव्ह आल्या तर लशीचे ३ डोस: आज, महिन्याने आणि सहाव्या महिन्यात.