अमॉड आर्बरी केस: ७४ दिवस अटक का नाही झाली?

कुकरची_शिट्टी:

नमस्कार मंडळी. नवऱ्याच्या बदलीमुळे सहा महिन्यांपूर्वी अटलांटाजवळ राहायला आलोय. संध्याकाळी चालायला जाते, परवा वाटेत एक घर बांधत होते, दार वगैरे काही नाही, मी सहज आत डोकावले, ओटा कुठे देतात बघायला, आपल्याकडे नाही का आपण येताजाता कोणाच्याही साइटवर शिरून खोल्यांचे माप काढतो, तसंच. बरोबरची मैत्रीण वीस वर्षं इथे आहे, तिने दंडाला धरून बाहेर ओढलं आणि म्हणाली अगं अमॉड आर्बरीचं माहितीय ना? मला नुसतं नाव माहीत होतं, तेही करोनातल्या बातम्यांमुळे. घरी येऊन वाचत बसले ते रात्रीचे दोन वाजले.

आता मला कळत नाहीये ते असं की दिवसाढवळ्या तिघांनी पाठलाग करून एकाला गोळ्या घातल्या, पोलीस तिथे लगेच आले, मारणारे तिथेच उभे होते, तरी अडीच महिने कोणाला अटक नाही, हे कसं? आणि हे सिटिझन्स अरेस्ट काय प्रकरण आहे, म्हणजे कोणीही उठून कोणालाही पकडायचं? जाणकारांनी जरा समजावून सांगा. कृपया राजकारण नको.

सव्वाशेर:

ताई, मी सव्हानाला असतो, हे घडलं ते ब्रन्सविक इथून गाडीने तासा-सव्वा तासावर, त्यामुळे तेव्हा रोज हेच चाललेलं. तारीख २३ फेब्रुवारी २०२०, रविवार, दुपारी साधारण एकची वेळ. सॅटिला शोअर्स म्हणून वस्ती. आर्बरी २५ वर्षांचा काळा मुलगा, पळायला जायचा. त्या दिवशी वाटेतल्या एका अर्धवट बांधलेल्या घरात शिरून तो बाहेर पडला. तो पळताना दिसला म्हणून तिथलाच एक गोरा, ग्रेगरी मॅकमायकल, आणि त्याचा मुलगा ट्रॅव्हिस बंदुका घेऊन पिकअपमधून मागे लागले, शेजारचा विल्यम ब्रायन त्याची गाडी घेऊन सामील झाला आणि फोनवर शूट करत राहिला. पाचेक मिनिटं दोन गाड्यांनी त्याला इकडून तिकडे कोंडत नेलं आणि शेवटी ट्रॅव्हिसने शॉटगनच्या तीन गोळ्या झाडल्या. आर्बरीच्या हातात काहीही नव्हतं. साधा फोनसुद्धा नव्हता.

अटक का नाही तर इथेच खरी मेख आहे. ग्रेगरी आधी तिथलाच पोलीस आणि नंतर तिथल्याच सरकारी वकिलाच्या ऑफिसात तपासनीस. त्यामुळे सरकारी वकील जॅकी जॉन्सन म्हणाल्या मी केसमधून बाजूला होते. केस गेली शेजारच्या वेक्रॉसचा सरकारी वकील जॉर्ज बार्नहिल याच्याकडे. या बार्नहिलचा मुलगा कुठे कामाला, तर जॉन्सनबाईंच्याच ऑफिसात! आर्बरीच्या आईने, वांडा कूपर-जोन्सने, हे शोधून हरकत घेतली तेव्हा हे साहेब बाजूला झाले, पण जाता जाता पोलिसांना पत्र लिहून गेले की अटक करायला कारण दिसत नाही, सिटिझन्स अरेस्ट कायदेशीर होती आणि गोळी स्वसंरक्षणात झाडली. बाजूला होतोय म्हणायचं आणि निकालही देऊन टाकायचा. मग केस तिसऱ्या सरकारी वकिलाकडे गेली आणि तोवर करोना चालू झाला होता.

आईला तर सुरुवातीला फोनवर सांगितलं होतं की तुमचा मुलगा घरफोडी करताना मारला गेला. हे तिने स्वतः सांगितलंय.

५ मे ला व्हिडिओ बाहेर आला. आणि तो कोणी बाहेर काढला तर आरोपींच्या ओळखीच्या वकिलाने, लोकल रेडिओला दिला, का तर अफवा थांबाव्यात! ७ मे ला बापलेक आत. राज्याच्या तपास विभागाला जेमतेम दोन दिवस लागले. पुरावा नवीन काहीच नव्हता हो, तो व्हिडिओ पोलिसांकडे आधीपासून होताच.

नाना_पाटेकर_नव्हे:

माझ्यावर चिडू नका पण एक विचारतो. तो त्या घरात शिरलाच का? तिथे चोऱ्या होत होत्या म्हणतात, लोक वैतागले असतील. आपल्या सोसायटीत रात्री कोणी घुसलं तर आपण आरती ओवाळतो का?

काळा_कोट:

नाना, धागा काढणारी ताई कोणत्या घरात शिरली होती ते परत वाचा.

त्या अर्धवट बांधलेल्या घरात कॅमेरा होता. त्याआधीही आर्बरी तिथे चारपाचदा दिसलाय, दुसरेही लोक, एक जोडपं, पोरंसोरं येऊन बघून गेलेली दिसतात. आर्बरीने कुठल्याच वेळी काही नेलं नाही. आणि समजा नेलं असतं तरी चोरीला मृत्यूदंड नाही, ना तिथे ना इथे.

आता कायद्याचं. (मी पुण्यात प्रॅक्टिस करतो, अमेरिकेत नाही, तरी हे वाचलेलं आहे.) जॉर्जियाचा सिटिझन्स अरेस्टचा कायदा १८६३ सालचा, म्हणजे तिकडे यादवी युद्ध चालू होतं आणि गुलामगिरी अजून होती. पळालेल्या गुलामांना पकडायला गोऱ्यांना हा कायदा सोयीचा होता असं इतिहासकार सांगतात. त्यात अट अशी की गुन्हा तुमच्यासमोर घडायला हवा किंवा तुम्हाला त्याची तत्काळ माहिती हवी, आणि मोठा गुन्हा करून माणूस पळत असेल तर वाजवी संशय तरी हवा. इथे समोर घडलेलं काय, तर एक काळा मुलगा पळतोय. बास. सरकारी वकील लिंडा डुनिकोस्कीने कोर्टात हेच धरून ठेवलं, की त्या दिवशी पोलिसांशी बोलताना तिघांपैकी एकानेही आम्ही याला अटक करत होतो असं म्हटलेलं नाही. अटकेची गोष्ट नंतर आली. उलट ग्रेगरीने पोलिसांना सांगितलेलं की तो उंदरासारखा कोंडला गेला होता. आणि ट्रॅव्हिसने उलटतपासणीत कबूल केलं की आर्बरीने ना धमकी दिली ना शस्त्र दाखवलं, तो काही बोललाच नाही.

हा कायदा मे २०२१ मध्ये रद्द झाला, आता दुकानदार वगैरेंपुरती मर्यादित सोय आहे.

आपल्याकडेही हे आहे बरं का. जुन्या सीआरपीसीचं, म्हणजे फौजदारी प्रक्रिया संहितेचं, कलम ४३, आता नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४०. दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा तुमच्या डोळ्यांदेखत झाला किंवा माणूस फरार घोषित असेल तरच, आणि सहा तासांच्या आत पोलिसांकडे द्यायचा. चोप द्यायचा असं त्यात कुठेही लिहिलेलं नाही, तो भाग आपण मनाने घातलाय.

कुकरची_शिट्टी:

वकीलसाहेब, अगदी माहितीपूर्ण प्रतिसाद. नानांचा राग नाही हो, माझ्याही मनात आधी तेच आलेलं, मग लक्षात आलं मीच तर शिरले होते.

पण शेवटी न्याय मिळाला म्हणायचं का? ज्युरीत ११ गोरे आणि १ काळा होता असं वाचलं.

सव्वाशेर:

हो, आणि स्वतः जज्ज टिमथी वॉल्मस्ली म्हणाले की ही निवड करताना बचाव पक्षाने जाणूनबुजून भेदभाव केलेला दिसतोय, पण माझे हात बांधलेत. तरी त्याच ज्युरीने २४ नोव्हेंबर २०२१ ला तिघांनाही खुनात दोषी ठरवलं, मला खरंच वाटलं नव्हतं. मधे एका बचाव वकिलाने कोर्टात अजून काळे पाद्री नकोत म्हटलं, तर पुढच्या आठवड्यात शेकडो काळे पाद्री कोर्टाबाहेर येऊन उभे राहिले.

जानेवारी २०२२ मध्ये शिक्षा सुनावताना जज्ज एक मिनिट गप्प बसले. कोर्टात कोणी काही बोलेना. मग म्हणाले, तो मुलगा पळत होता ती पाच मिनिटं, त्यातला हा एवढासा भाग. बापलेकाला मरेपर्यंत जन्मठेप, ब्रायनला ३० वर्षांनी पॅरोल मागता येईल.

त्यानंतर केंद्राचा वेगळा खटला, वर्णद्वेषाचा. पहिल्या खटल्यात सरकारी वकिलांनी वंशाचा मुद्दा जवळजवळ बाजूलाच ठेवला होता, इथे त्यांचे मेसेजेस वगैरे सगळं वाचून दाखवलं. त्याआधी बापलेकाशी तडजोड ठरत होती, गुन्हा कबूल करा आणि पहिली ३० वर्षं राज्याच्या ऐवजी केंद्राच्या तुरुंगात काढा, तो म्हणे बरा असतो. वांडा कूपर-जोन्स उभी राहिली आणि जज्जला सांगितलं हे मला चालणार नाही. जज्जने तडजोड फेटाळली. २२ फेब्रुवारी २०२२ ला तिघेही दोषी, दुसऱ्या दिवशी मुलाला जाऊन बरोबर दोन वर्षं.

पण ताई, ज्यांनी ७४ दिवस वाया घालवले त्यांचं काय? जॉन्सनबाईंवर २०२१ मध्ये आरोप ठेवले, खटला उभा राहिला थेट २०२५ ला आणि जज्जने मधेच दोन्ही आरोप काढून टाकले, ज्युरीपर्यंत गेलंच नाही. मला हे जास्त लागतं.

परसातला_फणस:

उशिरा येतोय. आम्ही १९८६ पासून जर्सी सिटीत होतो, जर्नल स्क्वेअरजवळ. तुमच्यातल्या कित्येकांचा जन्म नसेल. १९८७ च्या उन्हाळ्यात तिथल्या पेपरात निनावी पत्र छापून आलं, स्वतःला डॉटबस्टर्स म्हणवणारी टोळी, डॉट म्हणजे बायकांच्या कपाळावरचं कुंकू. भारतीयांना गावातून घालवायला आम्ही कुठल्याही थराला जाऊ, असा मजकूर. सप्टेंबरमध्ये होबोकेनला नवरोज मोदीला पोरांनी इतकं मारलं की चार दिवसांत गेला. पारशी, बँकेत चांगल्या हुद्द्यावर. बरोबरच्या गोऱ्या मित्राला कोणी हात लावला नाही. खुनात कोणालाच शिक्षा नाही, मारहाणीत झाली. तेव्हा ना फोन ना व्हिडिओ, सव्वाशेर म्हणतात तसे सरकारी वकील वंशाचा मुद्दाच नको म्हणायचे. मग आपली कॉलेजची पोरं रस्त्यावर उतरली, मोर्चे काढले, तेव्हा कुठे १९९० ला न्यू जर्सीत अशा गुन्ह्यांना जादा शिक्षेचा कायदा झाला. जॉर्जियात तसा कायदा यायला २०२० चा जून उजाडला, तोही आर्बरीनंतर.

कुकरची_शिट्टी:

बाप रे, हे मला अजिबात माहीत नव्हतं. काका, विचारू का, काकू तेव्हा कुंकू लावायच्या?

परसातला_फणस:

त्या पत्रानंतर घरात लावायची, बाहेर पडताना पुसायची. मंगळसूत्र कोटाच्या आत. पुढे एडिसनला घर घेतलं, वास्तुशांतीच्या दिवशी लावलं ते परत पुसलं नाही. पण हिवाळ्यात टोपी अजून भुवयांपर्यंत ओढते, विचारलं तर म्हणते थंडी आहे.