निळूभाऊ आणि ‘बाई, वाड्यावर या’ : आपण नेमकं कुणाला लक्षात ठेवलंय?

गुलमोहर

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसच्या स्नेहसंमेलनात नकलांचा कार्यक्रम होता. एका पोराने मान तिरकी केली, डोळे किलकिले केले आणि खर्जात ‘बाई, वाड्यावर या’ म्हटलं. सगळं सभागृह हसून लोळलं. शेजारच्या चौघांना विचारलं, निळू फुल्यांचा कुठला सिनेमा पाहिलाय? पूर्ण असा एकानेही पाहिलेला नव्हता. ते वाक्य कुठल्या सिनेमातलं, हेही कुणाला सांगता आलं नाही. घरी येईपर्यंत मला ते डाचत राहिलं, म्हणून हा धागा.

माझं म्हणणं असं की या माणसावर आपण अन्याय करतोय. पुण्यात सैन्यदलाच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळीकाम करणारा एक तरुण राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकात शिरतो, वगनाट्यातून लोकांपुढे येतो आणि १९६८ मध्ये अनंत मान्यांच्या ‘एक गाव बारा भानगडी’तून सिनेमात येतो. पुढच्या दहा-अकरा वर्षांत तो जे करतो ते बघा. १९७२ ला कमलाकर सारंगांनी बसवलेल्या ‘सखाराम बाइंडर’मधला सखाराम. नंतर ‘सामना’तला हिंदुराव. १९७९ ला ‘सिंहासन’मधला पत्रकार दिगू टिपणीस. तिन्हींचं लेखन विजय तेंडुलकरांचं, आणि तिन्ही माणसं एकमेकांच्या वाऱ्यालाही न उभी राहणारी.

दिगूबद्दल थोडं बोलतो, कारण तो मला फार जवळचा आहे. त्या सिनेमात मुख्यमंत्री अरुण सरनाईक आहेत, अर्थमंत्री डॉ. श्रीराम लागू आहेत, कामगारपुढारी डिकास्टाच्या भूमिकेत सतीश दुभाषी आहेत. बोलायचं काम सगळं त्यांचं. दिगू नुसता बघतो आणि ऐकतो. सत्तेचा सगळा बाजार त्याच्या डोळ्यांतून आपल्याला दिसत जातो आणि शेवटी तो भर रस्त्यात वेड्यासारखा हसत सुटतो. त्या हसण्याने माझ्या अंगावर अजून काटा येतो. ज्याने हे केलं त्याच्या नावावर आपण तीन शब्दांचा विनोद ठेवलाय.

माणगंगा

दिगूबद्दल सगळं मान्य. पण ‘अन्याय’ म्हणता तिथं माझा विरोध आहे, आणि तो जरा सविस्तर मांडतो.

आमच्याकडे जत्रेला तंबूतला सिनेमा यायचा. मधे पडदा, खाली पोती अंथरलेली, बायका एका अंगाला, पुरुष दुसऱ्या. निळूभाऊंची एन्ट्री झाली की माझी आजी तोंडातल्या तोंडात शिव्या घालायला सुरुवात करायची. ‘मुडदा बशिवला’पासून सुरू व्हायची ती पार सिनेमा संपेपर्यंत. आजीला वाचता येत नव्हतं, तिनं ‘सिंहासन’ कधी बघितला नाही. पण पडद्यावरचा हा माणूस कोण आहे ते तिला बरोबर कळत होतं, कारण तसला माणूस तिनं गावात बघितला होता.

तुम्ही शहरातली माणसं ‘सामना’, ‘सिंहासन’ आणि ‘सखाराम’ ही तीन नावं बाजूला काढता आणि बाकीचे सगळे सिनेमे म्हणजे चाकोरी म्हणून टाकून देता. त्या चाकोरीत काय होतं ते बघा की. कूळकायदा आला, कसेल त्याची जमीन झाली. वंशपरंपरेची पाटीलकी कायद्यानं गेली. १९६२ ला जिल्हा परिषदा, पंचायत समित्या आल्या. साखर कारखाने उभे राहिले. वाड्यातला मालक कागदावर संपला होता, पण तोच सरपंच झाला, सभापती झाला, चेअरमन झाला. ही उलथापालथ खेड्यातल्या माणसाला पुस्तकातून नाही कळली. निळू फुल्यांच्या अंगावर तिचे कपडे बदलताना दिसले. आधी फेटा, मग टोपी, मग जीपगाडी. एकाच नटानं वीस वर्षं महाराष्ट्राची सत्ता खेड्यापाड्यात दाखवली. माझ्या मते दिगूपेक्षा हे काम मोठं आहे.

गुलमोहर

माणगंगा, आजीची आठवण फार सुंदर. पण तुम्ही जे सांगताय तेच मीही म्हणतोय. आजीला जो माणूस कळला तो या नकलेत उरलाय का? आजी शिव्या घालत होती, आमच्या ऑफिसातली माणसं हसत होती.

जाई_जुई

मला नेमकं इथेच बोलायचंय.

कॉलेजात असताना एक मुलगा मला रोज जिन्यात हे वाक्य म्हणायचा. बरोबरचे सगळे हसायचे. मी रागावले की ‘अगं, निळू फुलेंची नक्कल आहे, विनोद कळत नाही का?’ असं ऐकवायचे. एका प्राध्यापकांकडे गेले, तर तेही हसले. आता या गोष्टीला वीस वर्षं झाली, तरी ते वाक्य ऐकलं की मला तो जिना आठवतो.

सिनेमात त्या प्रसंगाला भीती होती. निळूभाऊ आवाज चढवत नसत. हळू बोलायचे, अगदी सभ्य शब्दांत, आणि समोरच्या बाईला तिथून हलायला जागा उरायची नाही. गावात जाब विचारणारं कुणी नाही हे तिला माहीत असायचं, त्यालाही माहीत असायचं. माणगंगांच्या आजीला ते कळत होतं म्हणून ती शिव्या घालत होती. नकलेत ती बाईच उरत नाही. उरतो फक्त रुबाब, आणि तो प्रत्येकाला स्वतःच्या तोंडात हवा असतो. म्हणून मला वाटतं, अन्याय निळूभाऊंवर झाला असेल तर तो दुसऱ्या नंबरचा. पहिला त्या प्रसंगातल्या बाईवर.

तिसरी घंटा

जाई_जुई, तुमच्या अनुभवापुढे वाद नाही. पण मग प्रश्न पूर्णच विचारू या. ते प्रसंग पडद्यावर पुन्हा पुन्हा आले कसे?

ज्यांच्यावर मनापासून प्रेम आहे अशा नटाबद्दल लिहितोय, तरी लिहितो. सेवा दलातून आलेला, आयुष्यभर समाजवादी विचारांशी बांधील राहिलेला, अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामात उभा राहणारा हा माणूस. त्याने असे कितीतरी चित्रपट केले, ज्यांत गरीब बाईची विटंबना हा तिकीट विकायचा माल होता. शेवटी खलनायक मरतो, पण कॅमेरा तोपर्यंत कुठे रेंगाळलेला असतो ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. पोट होतं, मराठी सिनेमात पैसा नव्हता, भूमिका लिहिणारे दुसरे होते, सगळं खरं. पण ‘सखाराम’ करून दाखवलेल्या नटाला फरक कळत नव्हता असं मी मानणार नाही. सखारामही बायका घरी आणतो, नवऱ्यांनी टाकलेल्या बायका, आणि त्यांना स्वतःच्या नियमांत बांधतो. पण नाटक त्या माणसाला सोलून काढतं. लक्ष्मी आणि चंपा त्याला मोडतात. सेन्सॉरने त्याच नाटकाला अडवलं आणि सारंगांना कोर्टात जावं लागलं. विटंबना विकणारे सिनेमे मात्र राजरोस चालले.

हिंदीतही तेच. ‘सारांश’मधला गजानन चित्रे घ्या. छोटी भूमिका, पण राजकारणातल्या माणसाची गोड बोलून दहशत बसवायची रीत त्यांनी काय दाखवलीय! बाकी हिंदीवाल्यांना त्यांच्याकडून आणखी काही काढून घेता आलं नाही.

माणगंगा

तिसरी घंटा, नटानं नाही म्हणायचं होतं, हे आज म्हणणं सोपं आहे. त्या काळात मराठी सिनेमे किती निघायचे आणि त्यात काम करणाऱ्याला काय मिळायचं? आणि खलनायक असलाच नसता तर काय झालं असतं? गावातला अन्याय पडद्यावरून गायब झाला असता, एवढंच.

जाई_जुई ताई, तुमच्या बाबतीत घडलं ते वाईटच, आणि त्या प्राध्यापकाची मला लाज वाटते. पण हसण्याबद्दल एक सांगतो, पटतं का बघा. आमच्या गावात आज वाडा पडलाय. आत बाभळी उगवल्यात. पोरं तिथं क्रिकेट खेळतात आणि त्या आवाजात एकमेकांना हाका मारतात. ज्या वाड्यापुढून माझे आजोबा पायातल्या वहाणा हातात घेऊन जायचे, त्याची टर उडवायची हिंमत नातवंडांना आलीय. मला त्या हसण्यात भीती गेल्याचं दिसतं.

जाई_जुई

माणगंगादादा, वाड्यापुढे ती पोरं हसतात ते मला समजतं, आणि आवडतंही. पण कॉलेजच्या जिन्यात हसणारा मुलगा वाड्याला हसत नव्हता, मला हसत होता. तुमच्या गावातल्या पोरींनाही एकदा विचारा, त्या आवाजात हाक आली की त्यांना काय वाटतं.

जुना_सैनिक_सेवादल

वय झालंय, टंकायला वेळ लागतो, तरी लिहितो. वरच्या सगळ्यांकडून एक गोष्ट निसटतेय. निळूभाऊ मुळात विनोदी नट. ‘एक गाव बारा भानगडी’तला झेलेअण्णा विसरलात का? त्याआधी आम्ही त्यांना वगनाट्यात पाहिलंय. शंकर पाटलांचं ‘कथा अकलेच्या कांद्याची’ त्यांचंच. राम नगरकर आणि ते रंगमंचावर एकत्र आले की बतावणी रंगायची. समोरच्याचं वाक्य संपायच्या आत डोळ्यांनी उत्तर द्यायचं, मग मुद्दाम एक क्षण थांबायचं, आणि लोक हसायला तोंड उघडतात न उघडतात तोच शब्द टाकायचा.

पुढे तोच क्षण त्यांनी खलनायकाला दिला. विनोदात त्या थांबण्याने लोक हसायला टेकतात, खलनायकात त्याच थांबण्याने लोकांच्या पोटात गोळा येतो. जाई_जुई म्हणतात ते हळू बोलणं तिथून आलंय. कुणी शाळेत शिकवून येणारी गोष्ट नाही ती. मैदानात, गॅसबत्तीच्या उजेडात, हजार माणसांपुढे मिळवलेली.

‘सामना’ पुन्हा पाहा. एका बाजूला डॉ. लागू, पेशाने कान-नाक-घशाचे सर्जन, उच्चार न् उच्चार पारखून घेणारे. दुसऱ्या बाजूला वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेतला माळी. लागूंच्या दारुड्या मास्तरला हिंदुराव घरी ठेवून घेतो, त्याची बडदास्त ठेवतो, आणि मास्तर एकच प्रश्न लावून धरतो : मारुती कांबळेचं काय झालं? दर खेपेला निळूभाऊंच्या चेहऱ्यावर काय होतं ते बघा. आधी कानाआड, मग चेष्टा, मग कंटाळा, आणि मग खोल कुठेतरी चरकणं. हिंदुराव क्रूर आहे, पण त्याने उभं केलेलं काम खरं आहे, त्याला मास्तरचा लळा लागलाय तोही खरा. असा माणूस वाड्यावर बायका बोलावणाऱ्याच्या साच्यात बसत नाही. जब्बार पटेलांचा तो पहिला सिनेमा, रामदास फुटाण्यांनी काढलेला. १९७५ ला बर्लिनच्या महोत्सवात गेला.

तिसरी घंटा यांना एवढंच सांगतो. माणसाने पडद्यावर काय केलं याचा हिशेब मांडताय तर पडद्याबाहेरचाही मांडा. सामाजिक कृतज्ञता निधीसाठी डॉ. लागू, निळूभाऊ आणि बाकीच्या मंडळींनी अत्र्यांच्या ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग गावोगाव केले. का, तर पूर्णवेळ सामाजिक काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या हातात दर महिन्याला काही मानधन पडावं म्हणून. जी कीर्ती खलनायकीने मिळाली, तिच्यावर ती थिएटरं भरली. निळू फुले येणार म्हटल्यावर गाव लोटायचं.

तिसरी घंटा

आजोबा, नमस्कार. कृतज्ञता निधीबद्दल मनापासून आदर आहे. पण चांगल्या कामाने सिनेमातला कॅमेरा सरळ होत नाही. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि दोन्ही सांगायला हव्यात असं मला वाटतं. निळूभाऊ स्वतः परखड होते. त्यांच्याबद्दल गुळमुळीत लिहिलेलं त्यांना रुचलं नसतं असं मी धरून चालतो.

गुलमोहर

माझं मत थोडं बदललंय. ‘तीन शब्दांचा विनोद’ असं लिहिताना मी त्यांच्या तंबूतल्या सिनेमांना कमी लेखत होतो. माणगंगांनी कान धरला ते बरं केलं. कपडे बदलत गेलेल्या सत्तेचा मुद्दा मला सुचलाही नव्हता. जाई_जुईंनी लिहिलेलं वाचून आमच्या सभागृहातल्या मुलींचे चेहरे आठवायचा प्रयत्न केला. आठवेनात. मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं.

पण एका बाबतीत हट्ट सोडत नाही. सिनेमे निदान शोधले तर सापडतात. नाटकांचं काय? त्यांचा सखाराम ज्यांनी रंगमंचावर पाहिला ती माणसं आता किती उरली? जयवंत दळवींच्या ‘सूर्यास्त’मध्ये हाच ‘खलनायक’ गांधीवादी अप्पाजी व्हायचा. धोतर तेच, आवाज तोच, आणि माणूस पार उलट. वाड्यावरचा तेवढा राहिला आणि अप्पाजी गेला, याला मी अन्याय म्हणणारच.

जाई_जुई

अप्पाजींबद्दल माझी आई सांगते. तिने तो प्रयोग पाहिलाय. खलनायक म्हणून ओळखीचा असलेला माणूस पहिल्या प्रवेशात स्टेजवर आला, तेव्हा तिच्या मागच्या रांगेत कुणीतरी हसलं होतं, बहुतेक सवयीने. दहा मिनिटांनी तिथे चिडीचूप.

माणगंगा

आजोबा, अप्पाजी किंवा सखाराम तुम्ही बघितला असेल तर इथं लिहा. जमेल तसं, तुकड्या-तुकड्यानं लिहा. टंकायचा त्रास होत असेल तर बोलून पाठवा, मी उतरवून घेतो. ताई, तुमच्या आईंनाही विचारा, आणखी काय काय आठवतंय ते.

जुना_सैनिक_सेवादल

सखाराम पाहिलाय. दोनदा. उद्या सकाळी चष्मा लावून बसतो.