लाकडाचा स्टोव्ह मुख्य, फर्नेस आधाराला: थर्मोस्टॅट कुठे लावावा?

मंडळी, मदत हवी आहे. घर लाकडाच्या स्टोव्हवरच तापवतो, गॅसची फर्नेस (डक्टमधून, म्हणजे हवेच्या नळ्यांतून, घरभर गरम हवा सोडणारी भट्टी) फक्त पहाटे स्टोव्ह विझल्यावर किंवा बाहेरगावी गेल्यावर. पण तापमान पाहून फर्नेस चालू-बंद करणारा थर्मोस्टॅट स्टोव्हच्याच खोलीत आहे. तिथे २२ अंश दिसतात, त्यामुळे फर्नेस सुरूच होत नाही आणि मागच्या खोल्या गारठतात. तिकडच्या भिंतीत पाण्याचे पाइप आहेत, ते गोठून फुटायची धास्ती वेगळीच.

थर्मोस्टॅट मागे हलवावा, रिमोट सेन्सर (दुसऱ्या खोलीचं तापमान थर्मोस्टॅटला कळवणारा) लावावा, की फर्नेसचा नुसता पंखा चालवून ऊब फिरवावी? थंड माळ्यातून गेलेल्या डक्टमध्ये ती ऊब वाटेतच जाईल, असं मला वाटतं. रात्रभर लाकूड धुमसत ठेवायचं नाही, धुराड्यात क्रिओसोट (धुरातून जमणारा, पेट घेणारा डांबरासारखा थर) साचतं. लाकूड वाळलेलं आहे, ओल २० टक्क्यांच्या आत; कार्बन मोनॉक्साइडचा अलार्मही आहे. (ते सल्ले नकोत!) सेन्सर कुणी वापरलाय का?