मदत हवी आहे : युझू सेंचात सुगंध उतरला की चहा कडवट होतो

नमस्कार.

नोकरीनिमित्त मी दोन वर्षांपासून जपानमध्ये, शिझुओका प्रांतातील हामामात्सु येथे राहतो. हा चहाच्या मळ्यांचा प्रांत असल्यामुळे साधा सेंचा, म्हणजे पानांचा जपानी हिरवा चहा, करण्याचा हात आता बसला आहे. पाणी ७० ते ८० अंशांपर्यंत निववावे, पाने मिनिटभर मुरू द्यावीत आणि क्यूसूतला, म्हणजे बाजूला दांडा असलेल्या लहान किटलीतला, शेवटचा थेंबही पेल्यात उतरवावा, एवढे जमते. अडचण युझू सेंचाची आहे.

युझू हे लिंबाच्या कुळातले, खडबडीत सालीचे पिवळे फळ. जपानमध्ये ते सर्वाधिक कोची प्रांतात पिकते. डिसेंबरमध्ये, वर्षातल्या सर्वांत लहान दिवशी, येथे अंघोळीच्या गरम पाण्यात अख्खी युझू सोडतात. त्या वाफेतला वास मला फार आवडला आणि तोच पेल्यात मिळावा म्हणून मी हा चहा आणला. पुडीत पाने आणि वाळवलेली साल एवढेच आहे, वरून सुगंध घातलेला नाही.

२०० मिलिलिटर पाण्याला ५ ग्रॅम चहा घेतो. पाणी ७० अंशांचे असेल तर चहा गोडसर आणि भरीव लागतो, पण युझू केवळ झाकण उघडताना नाकाला जाणवते, जिभेवर येत नाही. पाणी ९० अंशांचे घेतले की युझू खुलते आणि त्याच वेळी जिभेच्या मागच्या बाजूला कडवट, तुरट चव रेंगाळते. पानातली गोडी देणारे थिअनिन कोमट पाण्यातही उतरते, तर तुरटपणा आणणारी कॅटेचिन्स गरम पाण्यात झपाट्याने उतरतात, हे मला ठाऊक आहे. त्यातच माझा चहा जास्त वाफवलेला, म्हणजे फुकामुशी प्रकारचा असल्याने पाने चुऱ्यासारखी आहेत आणि अर्ध्या मिनिटात सारे सोडून देतात. सालीचे कोरडे तुकडे मात्र तेवढ्यात नीट भिजतही नाहीत.

म्हणून एकदा चहा पांढऱ्या बशीत पसरला आणि गडद हिरव्या चुऱ्यातून नखाएवढे पिवळे तुकडे चिमट्याने वेचले. ते ९० अंशांच्या पाण्यात दोन मिनिटे भिजवले, मग तेच पाणी उघड्या भांड्यात निववून पानांवर ओतले. खोलीभर सुंदर वास दरवळला, पेल्यात मात्र फारच थोडा उरला. याउलट लिटरभर गार पाण्यात १० ग्रॅम चहा घालून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवला, तर कडवटपणा अजिबात आला नाही आणि युझूही स्पष्ट लागले. माझ्या मते आतापर्यंतचा सर्वोत्तम पेला तोच, परंतु थंडीत गार चहा घोटवत नाही.

जाणकारांना माझी विनंती आहे की त्यांनी दोन गोष्टी सांगाव्यात. साल झाकून भिजवावी आणि पाणी झाकणासकट निवू द्यावे, तर सुगंध टिकेल का? की पहिले पाणी ७० अंशांचे आणि दुसरे ९० अंशांचे, केवळ दहा सेकंदांचे, असे करून दोन्ही एकाच पेल्यात मिसळावे? दुसऱ्या पाण्याला युझू अधिक येते असा माझा अनुभव आहे, पण तोपर्यंत पानातली गोडी संपलेली असते.

आणखी एक. दिवाळीत हा चहा पुण्याला आईसाठी न्यायचा आहे. येथले पाणी मृदू आहे, आमच्या सोसायटीत बोअरचे जड पाणी येते. तेथे हेच प्रमाण ठेवावे, की पाणी बदलावे?