शरीरातल्याच ऊर्जेवर पेसमेकर चालावा का?

उन्हाळपक्षी
गेल्या महिन्यात आईच्या पेसमेकरची बॅटरी बदलली. वय ८१. प्रत्येक तपासणीला पडद्यावर बॅटरीची उरलेली मुदत दिसते आणि तिचा एकच प्रश्न असायचा, "किती राहिली रे?" बॅटरी सीलबंद असते, म्हणून अख्खी डबीच बदलतात. जुन्या व्रणावर पुन्हा चीर. हृदयापर्यंत गेलेल्या तारा त्याच राहतात, पण जंतुसंसर्गाचा धोका पहिल्या वेळेपेक्षा या बदलीत जास्त.

आपलं हृदय साधारण एक वॅट इतकं काम अखंड करत असतं. पेसमेकरला त्याचा लाखावा हिस्सा पुरतो! स्वित्झर्लंडमधल्या बर्नच्या संशोधकांनी हाताच्या हालचालीवर चालणाऱ्या ऑटोमॅटिक मनगटी घड्याळाची यंत्रणा डुकराच्या हृदयावर शिवून पेसमेकर चालवूनही दाखवला आहे. मग म्हाताऱ्या माणसांना पुन्हा पुन्हा टेबलावर का घ्यायचं? संशोधनाचा जोर इकडेच हवा, असं माझं ठाम मत आहे.

अनुस्वार
आईंना लवकर आराम पडो. पण असहमत. पेसमेकरची खरी गरज हृदय अडखळतं तेव्हाच असते. ठोक्यावर वीज आणि विजेवर ठोका, असं चक्र मला भरवशाचं वाटत नाही.

दुसरं, वीज बनवायला हृदयावर एखादी वाकणारी पट्टी बसवली, तर ती वर्षाला साडेतीन कोटींहून जास्त वेळा वाकणार. शिवाय शरीर कुठल्याही परक्या वस्तूभोवती तंतुमय आवरण तयार करतं. ती पट्टी निकामी झाली तर? डबी कातडीखाली असते, पट्टीसाठी छाती उघडावी लागेल.

१९५८ मध्ये आर्ने लार्सन यांना जगातला पहिला पेसमेकर शरीरात बसवला, तो काही तासांत बंद पडला. पुढे त्यांना वीसहून जास्त उपकरणं लागली, पण ते २००१ पर्यंत जगले. बदलता येणं हीच त्यातली सुरक्षितता होती. १९७० च्या दशकात प्लुटोनियमवर चालणारे पेसमेकरही आले. टिकायला दणकट, तरी साध्या लिथियम बॅटरीपुढे मागे पडले.

उन्हाळपक्षी
हृदय अडखळेल तेव्हासाठी विजेची साठवण लागेलच, ते मान्य. पण सतत भरत राहणारी छोटी साठवण आणि संपत जाणारी बॅटरी यांत फरक आहे ना? छातीचा मुद्दा मात्र बिनतोड.

कानोसा
सगळे हृदयावरच का अडलात? २०१२ मध्ये गिनीपिगच्या आतल्या कानातल्या नैसर्गिक विद्युतदाबावर एक चिप काही तास चालली. मिळाली फक्त नॅनोवॅटभर वीज, म्हणजे पेसमेकरला निरुपयोगी, पण बारीक सेन्सरला चालेल. सुरुवात तिथून व्हावी.

बिनतारी पेसमेकरचंही बघा. ती कुपी हृदयाच्या आतच बसते. बॅटरी संपली की बहुधा जुनी तशीच ठेवून शेजारी नवी बसवतात. तिशीतल्या रुग्णाच्या हृदयात अशा किती मावणार?

अनुस्वार
तिशीतल्या रुग्णाचा विचार मी केला नव्हता. त्याच्यासाठी हे संशोधन हवंच. पण बाहेरून, कातडीवरून चार्ज करायची सोय मेंदूतल्या कंपवाताच्या उपकरणांना आजही आहे. तोच मार्ग आधी का नको?

उन्हाळपक्षी
कारण आईला सकाळची गोळी घेतली की नाही हेही आठवत नाही. चार्जिंग तिच्या लक्षात राहील?