कोणत्या कॉलेजकडून खेळायचं? आपापले अनुभव सांगा

माझी भाची धाराशिवची. यंदा बारावी झाली, शालेय राज्य स्पर्धेपर्यंत खो-खो खेळली. तीन कॉलेजांचे क्रीडा शिक्षक घरी येऊन गेले: एक गावातलं, एक छत्रपती संभाजीनगरचं, एक लातूरचं. फी माफ तिघंही म्हणतात. मराठवाड्यात कॉलेजकडून जे खेळले, ज्यांनी लेकरं पाठवली, त्यांनी लिहावं. तिथं गेल्यावर काय झालं, ते हवंय.

खो-खो, कळंब
लातूर घेणार असाल तर एक ध्यानात घ्या. धाराशिव जिल्हा संभाजीनगरच्या विद्यापीठात आहे, लातूर १९९४ पासून नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ विद्यापीठात. एसटीनं लातूर जवळ, पण विद्यापीठाची निवड चाचणी त्या बाजूची. तिथले निवड करणारे तुम्हाला ओळखत नसतात. मी तेच केलं आणि मला ते लाभलं. आमच्याकडं चांगल्या आक्रमक पोरी पुष्कळ होत्या. तिकडं खांबावर सूर मारून गडी टिपणारी हवीच होती. पहिल्याच वर्षी पश्चिम विभागीय आंतरविद्यापीठ स्पर्धेला गेले. तुमची भाची संरक्षणात चांगली का आक्रमणात? त्या जागेवर सध्या कोण खेळतंय आणि ती कितव्या वर्षाला आहे, हे सरळ विचारा.

कबड्डी, परभणी
डावा कोपरा खेळायचो. नामांकित कॉलेजात गेलो, मॅट होती, सर चांगले होते. पण हॉस्टेलची मेस रात्री आठला बंद व्हायची आणि आमचा सराव संपायचा त्यानंतर. महिनोन्‌महिने बाहेरच्या वडापाववर झोपलो. अंगात ताकद राहीना, पकड सुटायला लागली. सरांनी प्राचार्यांकडं कितीदा सांगितलं, काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी आम्ही पोरांनी खोली घेतली, स्वतः भाकरी-डाळ करायला लागलो, तेव्हा वजन परत आलं. फी माफीपेक्षा जेवणाचं आधी विचारा. खेळाडूचं ताट उशिरा ठेवतात का, अंडी-दूध देतात का.

एक आई, अंबाजोगाई
मुलीला गावातच ठेवलं. विद्यापीठाच्या संघात निवड झाली की स्पर्धेआधी शिबिर लागतं, सगळ्या कॉलेजच्या मुली तिथं एकत्र सराव करतात. लहान कॉलेजची म्हणून तिला कुणी मागं ठेवलं नाही. बाहेरगावी संघासोबत बाई जाणार का, एवढं मात्र मी दरवेळी विचारायचे. नसेल तर पाठवायचे नाही.

क्रीडा शिक्षक, जालना
आंतरविद्यापीठला वयाची अट १७ ते २५. घाई नाही, पण मधेच विद्यापीठ बदललं की पात्रतेच्या कागदांत अडकायला होतं. प्रवेश विचारपूर्वक घ्या, हजेरीची सवलत लेखी घ्या.

खो-खो, धाराशिव
गावातलं कॉलेज का नको, हे मला कळत नाही. सारिका काळे याच मातीत घडल्या, २०२० ला अर्जुन पुरस्कार मिळाला. खो-खोसाठी लोक बाहेरून इथं येतात. इथं मुलींना रोज सरस मुलींविरुद्ध पळावं लागतं, ते दुसरीकडं मिळेलच असं नाही. संभाजीनगरला जायचंच असेल तर न कळवता संध्याकाळी जा, मैदानाच्या कडेला बसा. सगळ्या मुली आल्यात का, सर शेवटपर्यंत थांबतात का, पहिल्या वर्षाच्या पोरींना डाव मिळतो का नुसतं बसवून ठेवतात, ते बघा. आणि पावसाळ्यात सराव कुठं होतो, तेही तिथल्याच मुलींना विचारा.