निकाल लागला आणि आपला माणूस पडला: तुमचा तो दिवस कसा गेला?

चाळकरी_दादर

परवा बाबांचं कपाट आवरत होतो. बाबा जाऊन तीन वर्षं झाली, कपाटाला हात लावायचा धीर होत नव्हता. एका डायरीत मिठाईवाल्याची पावती निघाली. पेढे २ किलो, तारीख १२ मे २००४. आईला दाखवली तर ती एवढी हसली की चष्मा काढून पुसावा लागला.

तर झालं असं होतं. बाबा वाजपेयींचे कट्टर. २००४ ला टीव्ही लावला की सरकारची इंडिया शायनिंगची जाहिरात, पेपर उघडला की इंडिया शायनिंग, त्यामुळे आमच्या घरात तरी निकाल लागून गेलेला होता. बाबांनी आदल्या दिवशीच पेढे आणून ठेवले, का तर म्हणे उद्या दुकानात रांग लागेल. त्या वर्षी देशभर सगळीकडे पहिल्यांदाच मशीनवर मतदान झालेलं. एरवी दोन-दोन दिवस मोजणी चालायची, निदान मनाची तयारी करायला वेळ मिळायचा. त्या दिवशी कुकरच्या शिट्ट्या व्हायच्या आत सगळं आटपलं. भाजप १३८, काँग्रेस १४५. आमचे मनोहर जोशी सर, लोकसभेचे अध्यक्ष, ते एकनाथ गायकवाडांकडून पडले. मग बातमी आली राम नाईक पण पडले. बाबांनी विचारलं कोणाकडून. मी सांगितलं. बाबा फक्त "गोविंदा?" एवढंच म्हणाले आणि पंखा फुल करून भिंतीकडे तोंड करून झोपले.

चार वाजता समोरच्या खोलीतले काका आले. ते पक्के काँग्रेसवाले. त्यांना जिंकायची आशाच नव्हती, म्हणून काहीच आणलेलं नव्हतं, आणि आता नाक्यावरच्या दुकानात पेढा शिल्लक नाही. दारात उभे राहून चुळबुळ करत म्हणाले, "तुमच्याकडे... म्हणजे तुम्हाला आता लागणार नसतील तर..."

बाबा उठले. डबा काढला, काटा काढला (आईचा रवा-बेसन मोजायचा), बरोबर एक किलो मोजून दिले. पावतीच्या मागे त्यांच्या अक्षरात लिहिलंय, "१ किलो शेजारी. रोख मिळाले."

तर सांगा आपापले. कुठला पक्ष चांगला कुठला वाईट हे इथे नको, त्यासाठी बाकीचं इंटरनेट मोकळं आहे.

शेवग्याची_शेंग

रोख मिळाले!!! 😂😂 मी बसमध्ये आहे आणि शेजारची बाई बघतेय माझ्याकडे
कंदी पेढे की साधे?

तळकोकणी

नाना, म्हणजे मधु दंडवते, पडले १९९१ ला. मी सातवीत. बाबा शाळामास्तर, घरात समाजवाद एवढा की गणपतीच्या आरतीनंतर पण चर्चा व्हायची. नाना राजापुरातून १९७१ पासून लागोपाठ पाच वेळा आलेले, ८४ च्या काँग्रेस लाटेत भलेभले वाहून गेले तेव्हाही हे टिकले, त्यामुळे नाना पडू शकतात हे आमच्या डोक्यातच नव्हतं. त्यात कोकण रेल्वेचं काम नुकतंच सुरू झालेलं, अख्खं आयुष्य त्या रेल्वेसाठी भांडले ते. पण मे महिन्यात राजीव गांधींची हत्या झाली आणि वारंच फिरलं. जूनचा पाऊस, लाईट गेलेली, रेडिओचे सेल उतरलेले, ते उन्हात ठेवायचे तर ऊन नाही म्हणून आईने चुलीशेजारी शेकायला ठेवले (करू नका, फुटतात). मग खरखरीत आवाजात ऐकलं, काँग्रेसचे सुधीर सावंत विजयी. बाबा काहीच बोलले नाहीत. छत्री घेतली आणि बाहेर पडले, तासाभराने भिजून परत आले, छत्री मिटलेलीच हातात.

आजी मात्र गप्प बसणाऱ्यातली नव्हती. जो भेटेल त्याला अंगणातून विचारायची, "जेना रेल्वे हाडल्यान तेकाच घराक धाडल्यात मा?"

९८ ला गाडी पूर्ण सुरू झाली तेव्हा बाबा मुद्दाम कुडाळहून बसून रत्नागिरीला गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. काम काहीच नव्हतं. आता त्याच गाडीचं गणपतीचं तिकीट मिळत नाही तो भाग वेगळा.

पनवेल_लोकल

@तळकोकणी रिझर्वेशनचं नाव काढू नका राव. आधी १२० दिवस होते आता ६० केले, मला वाटलं आता तरी मिळेल, कसलं काय, आठ वाजून एक मिनिटाला वेटिंग दोनशेच्या पुढे

तळकोकणी

एसटीचं ग्रुप बुकिंग करा, वाडीतले चाळीसेक जण जमले की गाडी थेट गावात येते. आम्ही तेच करतो.

जोगेश्वरी_ईस्ट

४८.

फक्त आकडा लिहिला तरी आमच्याकडच्यांना कळेल. २०२४, मुंबई उत्तर पश्चिम, आमचा उमेदवार ४८ मतांनी पडला. अख्ख्या लोकसभेच्या मतदारसंघात अठ्ठेचाळीस!! आमच्या बिल्डिंगच्या एका विंगेत त्याहून जास्त माणसं आहेत.

आणि मतदान होतं सोमवारी, २० मे. शनिवार रविवार सोमवार. कळलं ना पुढचं. दीर म्हणाला महाबळेश्वरला जाऊ, मुलांना सुट्टी आहे, सोमवारी दुपारपर्यंत परत येऊ. घाटात ट्रॅफिक, मग पुण्याला सासूबाईंना बरं वाटेना, टोलनाक्यावर सहा वाजले. तीन मतं गेली. ४ जूनला रात्री निकाल कळला तेव्हा मी कणीक मळत होते, तशीच परातीत हात घालून बसले. नवरा म्हणतो, "अगं आपण तिघांनी दिलं असतं तरी ४५ ने पडलाच असता."
त्या दिवशी पोळ्या त्याने लाटल्या. नकाशेच झाले सगळे.

अजूनही लिफ्टमध्ये कोणी भेटलं की मनात येतं, तू दिलं होतंस का रे?

खोडसाळ_खारवडे

@जोगेश्वरी_ईस्ट तुमच्या दिराने कोणाला दिलं असतं याची खात्री आहे का? 😜

जोगेश्वरी_ईस्ट

@खोडसाळ_खारवडे आता झोप नाही येणार मला. दुष्ट.

एडिसनची_सून

इथली गोष्ट चालेल का? सिटीझन झाल्यावर माझं पहिलं मत, ८ नोव्हेंबर २०१६. सकाळी साडेनऊला शाळेच्या जिममध्ये रांगेत उभी, तेवढ्यात पुण्याहून आईचा फोन. मला वाटलं मतासाठी शुभेच्छा द्यायला केला. तर म्हणे, "तुझ्याकडे पाचशेच्या नोटा किती आहेत?" मला काही कळेना. नोटबंदी जाहीर झालेली, तिकडे रात्रीचे आठ. माझ्या ड्रॉवरमध्ये मागच्या ट्रिपच्या उरलेल्या सोळा हजारांच्या नोटा. रांगेतच व्हॉट्सॅपवर बहिणीशी भांडण, कोण येणारे जाणारे, कोणाबरोबर पाठवू. म्हणजे आयुष्यातलं पहिलं अमेरिकन मत मी कुठल्या मनःस्थितीत दिलं ते समजून घ्या.

रात्री लेकीला जागं राहायची परवानगी दिली होती, पहिली बाई प्रेसिडेंट होताना बघेल म्हणून. नऊ वर्षांची होती. फ्लोरिडा गेलं तेव्हा ती सोफ्यावर झोपलेली, मला बरंच वाटलं. अडीच वाजेपर्यंत सगळंच गेलं. सकाळी तिने विचारलं कोण जिंकलं, मी पोहे परतत होते, पाठ फिरवूनच सांगितलं. मग तिला समजावत बसले की हिलरींना जवळपास २९ लाख मतं जास्त मिळाली तरी त्या हरल्या. ती म्हणाली "मग मोजता येत नाही का त्यांना?" इलेक्टोरल कॉलेज नऊ वर्षांच्या मुलीला मराठीत समजावून बघा एकदा. मी कबड्डीचं उदाहरण घेतलं आणि स्वतःच अडकले.

त्यातून न्यू जर्सी तसंही निळंच, म्हणजे हिलरींच्या डेमोक्रॅट पक्षाचं. माझ्या मताने इकडची काडी तिकडे झाली नाही. नोटा अजून ड्रॉवरमध्ये आहेत.

लंडन_लगान

@एडिसनची_सून त्याच वर्षी जूनमध्ये आमचा ब्रेक्झिट. इथे भारतीय पासपोर्टवर राहणाऱ्यांना पण मत देता येतं, कॉमनवेल्थ म्हणून, आणि फ्रान्स-जर्मनीचे इथे वीस वीस वर्षं राहणारे, त्यांना नाही. माझी पोलिश कलीग सकाळी डेस्कवर आली, म्हणाली तू तरी दिलंस ना. हो म्हणालो. बाहेर पडा ५१.९, राहा ४८.१. तिला चहा करून दिला, दुसरं काय करणार.

जि_प_बाई

निकालाने निराश व्हायला आधी जागं असावं लागतं. आमची इलेक्शन ड्युटी. आदल्या दिवशी सकाळी साहित्य वाटप, मग ट्रकने केंद्रावर, रात्री शाळेतल्या बाकावर झोप (डास), पहाटे साडेपाचला एजंट आले की मॉक पोल, पन्नास मतं टाकून दाखवायची, मोजायची, पुसायची. मग दिवसभर. संध्याकाळी सील, १७-सी (किती मतं पडली त्याचा फॉर्म), मशीन जमा करायची रांग. एकदा मी रात्री अडीचला मोकळी झाले आणि घरी जायला गाडीच नव्हती. निकालाच्या दिवशी कोण आलं कोण गेलं, खरं सांगते, मी फक्त आपल्या केंद्राचं काही लफडं नाही ना एवढंच बघते.

शेवग्याची_शेंग

@जि_प_बाई दंडवत घ्या बाई. माझी आई पण शिक्षिका होती, पाय सुजायचे तिचे

वऱ्हाडी_ठेचा

आजोबांनी सांगितलेलं टाईप करतोय, वय ८१, मधेमधे चिडताहेत.

"लिही. १९७७. आम्ही गाय-वासरूवाले. तेव्हा पंजा नव्हता, तो नंतर आला. इकडे विदर्भात काँग्रेसच आली होती त्यामुळे आम्ही खुशीत, गुलाल आणलेला. रात्री रेडिओवर आलं की रायबरेलीत इंदिरा गांधी स्वतःच पडल्या, राजनारायण जिंकले. माझी माय रडायला लागली. तिला वाचता येत नव्हतं, पण कुळाची जमीन नावावर झाली ती इंदिराबाईनं दिली असं तिचं पक्कं. तसं नव्हतं ते, कायदा आधीचा होता, पण मायला कोण सांगणार. दोन दिवस घरात चूल पेटली नाही. गुलाल मग पोळ्याला बैलाले लावला."

सदाशिव_पेठी

त्याच रात्री आमच्याकडे पुरण घातलं होतं. मामा आणीबाणीत मिसा कायद्याखाली चौदा महिने येरवड्याच्या तुरुंगात होता. तो सुटून आला तेव्हा धाकट्या मुलीने त्याला ओळखलं नव्हतं. आजोबांच्या आईंबद्दल वाईट वाटतंच, पण आमची बाजू पण असू द्या नोंद.

वऱ्हाडी_ठेचा

@सदाशिव_पेठी वाचून दाखवलं. थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "ते खरं आहे. आम्हाले तेव्हा खेड्यात काही माहीत नव्हतं. त्यायले नमस्कार सांग."

सोलापुरी_चादर

२०१४ ला सुशीलकुमार शिंदे पडले तेव्हा आजोबा म्हणाले, देशाचा गृहमंत्री पाडला रे आपण. आपण म्हणाले. स्वतः त्यांनाच मत दिलेलं. नंतर २०२४ ला त्यांची मुलगी प्रणितीताई निवडून आल्या पण तेव्हा आजोबा नव्हते. जास्त लिहीत नाही, ऑफिसात आहे.

डिपॉझिट_जप्त

माझी कथा छोटी. मी मत दिलेला उमेदवार आजवर एकदाही निवडून आलेला नाही, बहुतेकांना सहावा हिस्सा मतं पण मिळत नाहीत, डिपॉझिटचे पंचवीस हजार जातात बिचाऱ्यांचे. आता दोन्ही बाजूचे कार्यकर्ते घरी येऊन सांगतात, दादा तुम्ही समोरच्याला द्या.

पनवेल_लोकल

😂😂 क्रिकेटची मॅच पण बघत नका जाऊ

चाळकरी_दादर

सगळ्यांचे आभार, आईला एकेक वाचून दाखवतोय. जोगेश्वरी ताईंचं तिने दोनदा वाचायला लावलं.

आत्ता जेवताना सहज विचारलं, की तू एवढी का हसलीस पावती बघून. तर म्हणाली, २००४ ला मी कोणाला मत दिलं ते तुझ्या बाबांना शेवटपर्यंत सांगितलं नाही. मी म्हटलं मला तरी सांग. म्हणाली, आमटी वाढ.

शेवग्याची_शेंग

काकू रॉक्स!!! आणि पेढे कंदी का साधे ते राहिलंच

चाळकरी_दादर

केशरी.